रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली अन् पुढे देशाला लेथ मशीन दिलं : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पुण्याच्या मॉडेल कॉलनीत लकाकि रोड नावाचा रस्ता आहे. रोज हजारो लोक तिथून जातात. कित्येकांना वाटतं, कुठल्या तरी फुलाचं किंवा बंगल्याचं नाव असेल. खरं तर ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, म्हणजे ल. का. कि.

किर्लोस्कर म्हटलं की शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवतं ते विहिरीवरचं इंजिन. त्याच्याही आधीच्या पिढीला आठवायचा तो लोखंडी नांगर. पण याच शिरूर तालुक्यात आज रांजणगावची एमआयडीसी उभी आहे, आणि तिथल्या टर्नरला विचारलं तर तो तिसरीच गोष्ट सांगेल. तो म्हणेल, किर्लोस्करचा लेथ.

नांगर आणि इंजिनाचे किस्से बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात. लेथची गोष्ट मात्र मागे पडली. आणि गंमत म्हणजे लक्ष्मणरावांच्या आयुष्याची खरी सुरुवात लेथपासूनच होते.

चित्रकार व्हायचं होतं, पण डोळ्यांनी दगा दिला

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावात लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्या-पुराणांचं वातावरण. पोरगा मात्र पाठांतरात रमायचा नाही. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची.

त्या काळात ब्राह्मणाच्या पोराने चित्रकार व्हायचं ठरवणं म्हणजे घरादाराला काळजी. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे काही काळ गेल्यावर लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. डोळ्यांत अंशतः रंगांधळेपण होतं. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ तिथेच संपला.

दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून गावी गेला असता. लक्ष्मणरावांनी काय केलं, तर जिथे रंगांची गरज नाही असं चित्रकाम निवडलं. यंत्रांचं रेखाटन, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना हाच विषय शिकवायची नोकरी मिळाली. आज आपण व्हीजेटीआय म्हणतो ती हीच संस्था.

वर्ग सुटला की मास्तर वर्कशॉपमध्ये

लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पण संस्थेत वर्कशॉप होतं आणि त्यात यंत्रं होती. शिकवण्याचे तास संपले की ते वर्कशॉपमध्ये जायचे, हात काळे करायचे. कागदावर जे काढतो ते लोखंडात कसं उतरतं, हे त्यांना बघायचं होतं. सोबत अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिकंही वाचून काढायचे.

आता लेथ म्हणजे काय, ते थोडक्यात बघू.

कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभाराचा हात तिला आकार देतो. लेथमध्ये हेच चाक उभं असतं. लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि पक्कं धरलेलं धारदार टूल त्याला सोलत जातं. शाफ्ट, पुली, बोल्ट, पंपाचा आस, इंजिनाचा पिस्टन, जे जे गोल आहे ते कधी ना कधी लेथवर चढलेलं असतं. म्हणूनच लेथला यंत्रांची आई म्हणतात. दुसरी यंत्रं बनवायला लेथ लागतो, आणि नवा लेथ बनवायलाही आधी एक लेथ लागतो.

हा लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, ज्यात घट्ट पकडतात तो जाड गोल पंजा म्हणजे चक. चकला तीन किंवा चार जॉ असतात. तीन जॉच्या चकमध्ये चावी फिरवली की तिन्ही जॉ एकदम पुढे सरकतात आणि गोल जॉब आपोआप मध्यावर येतो. चार जॉच्या चकमध्ये प्रत्येक जॉ वेगळा फिरवावा लागतो. वेळ जातो, पण वेडावाकडा जॉबही त्यात धरता येतो आणि केसाएवढ्या फरकापर्यंत मध्यावर आणता येतो.

ही चकची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

सायकलचं दुकान आणि हुकलेली बढती

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांना सायकल दिसली आणि ते तिच्या प्रेमात पडले. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. १८८८ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव पुढे आलं ते या सायकलच्या दुकानातून. तेव्हा सायकल ही साहेब आणि श्रीमंतांची गोष्ट होती. एकेका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये असायची आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जायचे, असं सांगितलं जातं.

इकडे नोकरीत लक्ष्मणराव बढतीची वाट बघत होते. काम चोख होतं, विद्यार्थी खूश होते. पण बढती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. दुसऱ्याची नोकरी परत करायची नाही, हे पक्कं झालं होतं.

नांगर तयार, पण घ्यायला कोणी नाही

बेळगावात सायकली दुरुस्त करता करता एक छोटा कारखाना उभा राहिला. पहिली वस्तू बनली ती कडबा कापायचं यंत्र. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

तोवर विलायती लोखंडी नांगर भारतात येत होते, पण ते महाग आणि इथल्या बैलांना, इथल्या मातीला न मानवणारे. लक्ष्मणरावांनी त्यांचा अभ्यास करून आपल्याकडे चालेल असा नांगर बनवला.

आणि शेतकऱ्यांनी तो घेतलाच नाही. कारण काय, तर लोखंड मातीत गेलं की जमीन विषारी होते, अशी समजूत. बापजाद्यांपासून लाकडी नांगर चालत आलेला. शेतकऱ्याचं सगळं वर्ष त्या जमिनीवर, मग तो धोका कशाला पत्करेल? पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली.

पण ज्यांनी घेतले त्यांच्या शेतात फरक दिसला. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटवतो, तणाची मुळं वर काढतो. एकाचं बघून दुसऱ्याने घेतला. शेतकरी जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या शिवारावर जास्त विश्वास ठेवतो.

यात कारखान्याच्या बाजूने एक मोठी अडचण होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करायचा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर काय? नवा फाळ आणून जुन्या नांगराला लावला तर तो बसलाच पाहिजे. बोल्टची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत. याचा अर्थ शंभरावा फाळ पहिल्या फाळासारखाच हवा. ही शिस्त लोहाराच्या अंदाजाने येत नाही. त्याला मापं लागतात, साचे लागतात आणि नेमकं काम करणारी यंत्रं लागतात.

वर्ग सुटल्यावर वर्कशॉपमध्ये घालवलेले तास इथे कामाला आले.

निवडुंगाच्या माळावर वसलेलं गाव

धंदा जरा मार्गी लागतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. यंत्रं घेऊन जायचं कुठे?

अशा वेळी मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कलेचे भोक्ते. औंधला यमाई देवीच्या मंदिराजवळच्या मंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं. अडचण कळल्यावर त्यांनी संस्थानातल्या कुंडलजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं.

जमीन कशी होती? ओसाड माळ, निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. जवळ रेल्वेचं कुंडल रोड स्टेशन होतं, हीच काय ती जमेची बाजू.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजक्या साथीदारांसह तिथे पोहोचले. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार हाती घेतला. शंभोराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली. मंगेशराव रेग्यांनी हिशेब ठेवले. शाळा सोडलेला अनंतराव फळणीकर नावाचा मुलगा इथे कामाला लागला आणि तयार झाला. एवढंच काय, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीवर नेमण्याचं धाडसही लक्ष्मणरावांनी केलं.

कामगार आसपासच्या खेड्यांतले होते. काल नांगर धरणारा हात आज ड्रिल मशीन धरायला शिकत होता. बघता बघता माळावर घरं, शाळा, बाग, दिवे आले. ते गाव किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्टेशनलाही हेच नाव मिळालं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येतं.

चार वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या निकामी तोफा दिल्याचं सांगितलं जातं. तोफांचं लोखंड वितळलं आणि त्याचे नांगर झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून १९२६ मध्ये परतला. नांगर, चरक, हातपंप, मग इंजिन अशी यादी वाढत गेली.

नांगर बनवणं वेगळं, लेथ बनवणं वेगळं

१९३० च्या दशकात किर्लोस्करांनी लेथकडे मोर्चा वळवला. तोवर भारतातल्या वर्कशॉपमध्ये चांगला लेथ म्हणजे बहुतेक वेळा इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेहून आलेला.

आता इथे पुन्हा चककडे येऊ. कारण लेथ चांगला की वाईट, हे ज्या जागी कळतं त्यातली एक जागा म्हणजे चक जिथे बसतो ते स्पिंडलचं टोक.

चक एकदा बसवला की कायमचा, असं नसतं. गोल जॉबला तीन जॉचा, चौकोनी किंवा ओबडधोबड कास्टिंगला चार जॉचा, असा तो सतत बदलावा लागतो. जुन्या लेथच्या स्पिंडलवर आटे असायचे आणि चक बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा. नंतर कॅमलॉकसारख्या पद्धती आल्या. यात चकच्या मागच्या पिना स्पिंडलच्या भोकांत जातात आणि चावीने कॅम फिरवून त्या आत ओढल्या जातात.

पद्धत कुठलीही असो, बसण्याची जागा आरशासारखी स्वच्छ हवी. चकची मागची बाजू आणि स्पिंडलचं टोक यांच्या मध्ये लोखंडाचा एक बारीकसा कीस जरी अडकला तरी चक तिरका बसतो. चकजवळ तो फरक दिसतही नाही, पण जॉब हातभर लांब असेल तर दुसऱ्या टोकाला तो कितीतरी पटीने वाढतो. शाफ्ट लंगडतो, बेअरिंग खातं, शेतात पंप थरथरतो. म्हणून जाणता टर्नर चक चढवण्याआधी दोन्ही बाजू फडक्याने पुसतो आणि शेवटी बोट फिरवून बघतो. डोळ्याला न दिसणारा कीस बोटाला लागतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. १२ इंची चार जॉचा बिडाचा चक सुमारे ४० किलोचा भरतो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा जरा कमी. पण पोतं खांद्यावर घेता येतं, चक मात्र वाकून, हात लांब करून, लेथच्या बेडवर अधांतरी धरावा लागतो आणि त्याच वेळी स्पिंडलवर नेमका जुळवावा लागतो. हात सुटला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बेडच्या घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांवर कायमचा खड्डा पडतो, मग त्या लेथचं काम कधीच पहिल्यासारखं येत नाही. दुसरी याहून वाईट. चक आणि बेडच्या मध्ये बोटं असतील तर ती जातात.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. बेडवर बसेल अशी लाकडाची फळी किंवा खाच पाडलेला ठोकळा. त्याची उंची अशी ठेवायची की चक त्यावर ठेवला की त्याचा मध्य स्पिंडलच्या मध्यासमोर येईल. मग उचलायचं काही नाही, नुसतं सरकवायचं. त्याहून जड चक असेल तर चेन ब्लॉक लावायचा.

बाकीचे नियमही अपघातांतूनच आलेले आहेत. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद. आट्यांचा चक हातानेच फिरवून चढवायचा, मोटर सुरू करून कधीच नाही. नाहीतर चक आट्यांवर ओढला जातो आणि त्याच्यासोबत हातही. आट्यांचा चक असेल तर फिरता लेथ एकदम उलटा सोडायचा नाही, कारण चक सैल होऊन निखळू शकतो. चक काढताना गिअर अडवून दांडकं मारायचं नाही, गिअरचे दात तुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चकची चावी चकमध्ये विसरायची नाही. लेथ सुरू झाला की ती चावी गोळीसारखी सुटते. म्हणून शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, चावी चकमध्ये असेल तोवर हात चावीवरच हवा.

आता विचार करा, असा लेथ बनवणाऱ्यावर जबाबदारी किती. नांगराचा बोल्ट थोडा सैल असला तरी नांगरट होते. पण स्पिंडलचं टोक आणि चकची बैठक यात मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा चुकला, तर त्या लेथवर तयार होणारी प्रत्येक वस्तू चुकते. आईचा दोष सगळ्या लेकरांत उतरतो. फाळ अदलाबदल करता आला पाहिजे, हा नांगराने शिकवलेला धडा इथे कित्येक पटींनी कडक झाला.

हरिहर

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. परदेशी यंत्रं येणं आटलं आणि देशातल्या कारखान्यांची मागणी मात्र वाढली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर ही मशीन टूल बनवणारी कंपनी उभी राहिली. रोजचा कारभार आता पुढच्या पिढीच्या हातात होता. पाया मात्र लक्ष्मणरावांनी खेड्यातल्या माणसांना यंत्रावर उभं करून घातलेला होता.

हरिहरचे एंटरप्राईझ आणि टर्नमास्टर हे लेथ पुढे देशभर गेले. आयटीआय, एसटीची वर्कशॉप, साखर कारखाने, गल्लीतली छोटी दुकानं, सगळीकडे. परदेशी लेथ घेणं ज्याच्या आवाक्याबाहेर होतं, त्याला इथला लेथ घेऊन धंदा सुरू करता आला. सुटे भाग इथेच मिळायचे आणि बिघडला तर दुरुस्त करणाराही इथलाच असायचा.

आग लागली, तरी कारखाना सुरू झाला

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं आणि मालमत्ता जाळल्या गेल्या. त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या जवळ आले होते. निवडुंगाच्या माळावर शून्यातून उभं केलेलं जळताना बघणं काय असतं, याची कल्पनाही करवत नाही.

पण कारखाना बंद पडला नाही. दुरुस्ती झाली, कामगार परतले, यंत्रं पुन्हा फिरायला लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

हरिहरची ती कंपनी नंतरच्या काळात बंद पडली. आज मोठ्या कारखान्यांत कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन आली आहेत आणि त्यांचा चक हायड्रॉलिकवर चालतो. तरीही जुन्या मशीनच्या बाजारात हरिहरच्या लेथला अजून गिऱ्हाईक आहे. छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरचा शाफ्ट, पंपाचं बुश, उसाच्या चरकाचा आस अजूनही अशाच लेथवर होतो.

आणि तिथे चक बदलायची वेळ आली की पद्धत तीच असते. स्विच बंद, बेडवर लाकडी फळी, फडक्याने पुसायचं आणि बोट फिरवून बघायचं. पदवी नसलेल्या एका ड्रॉइंग मास्तराने वर्ग सुटल्यावर वर्कशॉपमध्ये जाऊन जे गाठीशी बांधलं, तेही हेच होतं. यंत्र पुस्तकातून कळतं, पण हातात येतं ते हात लावल्यावरच.